उजव्या हाताचा ग्लव्ह

बेसबॉलमध्ये ज्या हाताने चेंडू फेकायचा त्या हातात ग्लव्ह घालत नाहीत, दुसऱ्या हातात घालतात. आता हे मला माहीत आहे. तेव्हा नव्हतं, आणि 'मला माहीत नाही' असं म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. वाटेत कुणाला विचारावं लागू नये म्हणून माझे वडील आम्हाला त्र्यंबकेश्वरला नेता नेता जव्हारला घेऊन गेले होते. त्यांचाच मी मुलगा, चंद्रहास.

माझ्या नाकावर राग असतो हे नाशिकपासून कुवेतच्या अबू हलीफापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटवर मेंटेनन्स बघतो. माझी बायको क्षितिजा एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची नर्स आहे. मार्चमध्ये बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझ्या जागेवर एका माणसाने गाडी लावली आणि वर मलाच अक्कल शिकवायला लागला. मी त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि वरचा ओठ नाकापर्यंत फाडला. तो माणूस नेमका क्षितिजाच्या ड्यूटीत तिच्या टेबलावर जाऊन पडला. डॉक्टर ओठ शिवायची तयारी करत होते आणि ही रक्त पुसत होती. "कुणी मारलं?" असं तिने विचारलं, तेव्हा त्याने आमच्या फ्लॅटचा नंबर सांगितला.

पोलीस ठाण्यात हातापाया पडून समझोता झाला. तिथल्या अधिकाऱ्याने माझ्या नावाचा कागद बोटाने टिचकावत सांगितलं, "पुढच्या वेळी समझोता नाही. सरळ विमानतळ." घरी आल्यावर क्षितिजा बोलायला लागली, तेव्हा मी तिला ढकललं. तिचं कोपर फ्रीजच्या हँडलवर आपटलं आणि पंधरा दिवस काळंनिळं राहिलं. मी मारलं नाही, फक्त ढकललं, असा हिशोब मी तेव्हा मांडत होतो. आणि जुईलीला, माझ्या साडेपाच वर्षांच्या पोरीला, मी आजवर बोट लावलेलं नव्हतं. याचा मला इतका अभिमान होता की ज्याला त्याला सांगत सुटायचो.

कोपराला बर्फ लावून क्षितिजा माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता एकदा जरी कुणावर हात उचललास, तर मी जुईलीला घेऊन नाशिकला जाईन आणि परत येणार नाही. धमकी देत नाहीये. सांगून ठेवतेय."

ती आरडाओरडा करते तेव्हा मला भीती वाटत नाही. ती हळू बोलते तेव्हा वाटते. जुईली घरात नाही, तिच्या चपला दारात नाहीत, ही कल्पनाच मला सोसवेना. मी सात महिने कुणाला हात लावला नाही. प्लांटवर एका फोरमनने माझ्यासमोर चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, तरी मी फक्त माझं हेल्मेट जमिनीवर आपटून फोडलं.

ऑक्टोबरात जुईली शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. तिच्या अमेरिकन शाळेतल्या मुली टी-बॉल खेळणार होत्या. तिची मैत्रीण असमा गेल्या वर्षीपासून खेळत होती. टी-बॉल म्हणजे बेसबॉलची बालवाडी. कमरेइतक्या उंचीच्या रबरी दांडीवर चेंडू ठेवायचा आणि पोराने तो बॅटने हाणायचा. बोलिंग नाहीच. मी नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर नऊ वर्षं क्लब क्रिकेट खेळलेला, स्लिपमध्ये उभा राहणारा माणूस. ठेवलेला चेंडू मारायचा म्हणजे मला तो मांडलेला नैवेद्यच वाटला. पण पोरीने कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "बाबा, आय वॉन्ट टु प्ले धिस वन." मी विरघळलो. तिच्यापुढे मी नेहमीच विरघळतो.

शुक्रवारी आम्ही तिघं सालमियाला एका खेळाच्या दुकानात गेलो. चिठ्ठीमागे यादी होती: पंचवीस इंची हलकी बॅट, जाळीचं हेल्मेट, मऊ चेंडू, रबरी दांडी, नऊ इंची ग्लव्ह. खरं सांगतो, पहिला अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या चांगल्या अर्ध्या तासांपैकी होता. जुईलीने हेल्मेट चढवलं आणि मी वरून टकटक केलं. "कोण आहे?" म्हटलं की ती आतून "नोबडी!" म्हणून ओरडायची. बॅट मी स्वतः निवडली. चार बॅटी हातात तोलल्या, एक तिच्या हातात दिली, तिच्यामागे वाकून उभा राहिलो आणि तिचे हात माझ्या हातांत घेऊन सावकाश फिरवली. क्षितिजा बाजूला उभी राहून आम्हाला पाहत होती. किती तरी महिन्यांनी तिचे खांदे खाली उतरलेले दिसले.

मग ग्लव्ह. फळीवर दोन्ही हातांचे होते. जुईली उजव्या हाताने जेवते, लिहिते, चित्रं काढते. चेंडू झेलायचा तो सरस हाताने. स्लिपमधले माझे सगळे एकहाती झेल उजव्या हातातले. म्हणून मी उजव्या हाताचा ग्लव्ह काढला आणि तिच्या पंजात चढवला. छान बसला.

सेल्समन एक किडकिडीत फिलिपिनो पोरगा होता, विशीतला. तो हसत पुढे आला. "सर, शी इज राइट-हँडेड? देन अदर हँड, सर."

"आय नो," मी म्हणालो.

"सर, आय प्लेड सॉफ्टबॉल इन स्कूल. थ्रोइंग हँड शुड बी फ्री."

"मी सांगितलं ना, हाच."

इथे त्याने तोंड बंद ठेवायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. पण तो भला पोरगा होता. तो जुईलीसमोर उकिडवा बसला, "धिस हँड, प्रिन्सेस," म्हणाला आणि तिच्या पंजातून ग्लव्ह सोडवायला लागला. माझ्या पोरीसमोर, माझ्या देखत, माझं म्हणणं खोटं पाडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचं मनगट धरलं आणि पिळलं. तो उठायला गेला तसं आणखी पिळलं. त्याच्या हाडातून बारीक कुरकुर माझ्या बोटांना लागली आणि तो चेंडूंच्या रॅकवर कोसळला. रॅक आडवा झाला. पन्नासेक चेंडू दुकानभर पळाले. पोरगा गुडघ्यांवर आला, तोंड उघडं आणि आवाज नाही, आणि मी तरीही सोडलं नव्हतं. मला अजून आठवतं की सोडावंसं वाटत नव्हतं. सात महिन्यांची भूक होती ती.

क्षितिजाने माझ्या दंडावर नखं रुतवली तेव्हा हात सुटला. ती फरशीवर त्याच्यासमोर बसली आणि त्याची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. "मोडलं नाहीये," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. मॅनेजर धावत आला. त्या पोराने मनगट पोटाशी धरलं आणि म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मॅम. आय फेल डाउन." त्यालाही नोकरी होती आणि परक्या देशात राहण्याचा कागद होता. तक्रार करणाऱ्याचाही कागद तपासला जातो. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्याच्या जिवावर मी ताठ मानेने उभा होतो.

जुईली चेंडू गोळा करत होती. सगळे. रॅकखालचे, बुटांच्या फळीखालचे. हेल्मेट डोक्यावर तसंच. एकेक चेंडू आणून ती त्या पोराच्या शेजारी फरशीवर ठेवत होती आणि दर वेळी "सॉरी" म्हणत होती.

गाडी दस्मानच्या सिग्नलला थांबली. रागाच्या भरात मी घराच्या उलट्या दिशेने शहराकडे गाडी काढली होती, हे मला तिथे समजलं.

"हे मी मोजलं नाही असं समजू नकोस," क्षितिजा म्हणाली.

"मी मारलं नाही त्याला."

"चंद्रहास, मी रोज मोडलेली हाडं बघते. मला नको शिकवूस." तिने मागच्या सीटकडे पाहिलं. जुईली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "तिचा पहिला सीझन आहे. रोज झोपताना तेच बोलते. निदान पहिली मॅच तिला खेळू दे. तोपर्यंत मी थांबते. तिच्यासाठी, तुझ्यासाठी नाही. त्याआधी काही झालं, तर त्याच दिवशी निघू."

म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस होते. पंधरा दिवस हात खिशात ठेवायचे आणि पोरीला तयार करायचं. पहिली मॅच झकास झाली तर क्षितिजाचंही मन वळेल, असा माझा कयास होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळाला नव्हता.

बिल्डिंगमागे वाळूचा मोकळा तुकडा आहे. रोज संध्याकाळी मी जुईलीला तिथे न्यायचो. बॅटिंग छान जमली. दांडीवरचा चेंडू ती अशी हाणायची की मला समोरच्या भिंतीपर्यंत पळावं लागायचं. झेलही घ्यायला लागली, उजव्या पंजात चापकन. "पोरगी माझीच!" मी ओरडायचो. पण झेल घेतल्यावर फेकायची वेळ आली की सगळं फिसकटायचं. उजवा हात ग्लव्हमध्ये अडकलेला. डाव्या हाताने फेकलं की चेंडू तिच्याच पायांपाशी पडायचा, नाहीतर मागे जायचा. मग तिने स्वतःच युक्ती काढली. झेल घ्यायचा, ग्लव्ह काखेत दाबायचा, हात बाहेर ओढायचा, ग्लव्हच्या पोटातून चेंडू काढायचा आणि मग उजव्या हाताने फेकायचा. तोवर बारा वाजलेले असायचे.

"जुईली! तो रनर घरी पोचला, जेवला आणि झोपला! लवकर!"

"सॉरी, बाबा."

"सॉरी नको, चेंडू फेक!"

"सॉरी, बाबा."

चौथ्या दिवसापासून ती फेकायच्या आधीच सॉरी म्हणायला लागली. मी चेंडू जोरात फेकायला लागलो. मऊ चेंडू, काही होत नाही, असं म्हणत म्हणत आणखी जोरात. एक तिच्या गालावर बसला आणि शिवणीचा ठसा उमटला. ती रडली नाही. तिने इकडे-तिकडे पाहिलं, आई खिडकीत आहे का ते, आणि गाल ग्लव्हने झाकला.

"बाबा, असमा वेअर्स इट ऑन धिस हँड," एकदा ती डावा हात दाखवून म्हणाली.

"असमा डावखुरी असेल."

"नो, शी इज नॉट."

मी ती रबरी दांडी उचलली आणि भिंतीवर अशी आपटली की तिची बैठक तुटून दोन तुकडे झाले. वरच्या मजल्यांवरच्या तीन खिडक्या लागल्याचा आवाज आला. जुईलीने दोन्ही तुकडे उचलून पिशवीत भरले. नंतर तिने असमाचं नाव काढलं नाही.

क्षितिजाच्या कानावर हे गेलंच. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अरे, एकदा मोबाइलवर बघ ना, कुठल्या हातात घालतात ते. दोन मिनिटांचं काम." मी मोबाइल भिंतीवर फेकला. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर तो फुटला आणि काचेचे कण पिठात पडले. तिने हळूच परात उचलली आणि सगळं पीठ कचऱ्यात टाकलं. मी हात नाही, मोबाइल उचलला होता. असल्या पळवाटा शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मॅच शनिवारी सकाळी होती. नोव्हेंबरातलं इथलं ऊन अंगाला बरं वाटतं. मैदानाला जाळीचं कुंपण होतं आणि आई-बाप घडीच्या खुर्च्या टाकून कुंपणालगत बसले होते. कोच अरुणकुमार नावाचा एक तमिळ गृहस्थ होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला. बँकेत नोकरी, आधी बारा वर्षं अमेरिकेत काढलेली, सुट्टीच्या दिवशी हौसेने पोरांना शिकवायचा. गळ्यात शिट्टी आणि अंगात पोरांच्या टीमचाच पांढरा टीशर्ट, फक्त चार मापं मोठा.

त्याने पंधरा पोरांना एका रांगेत उभं केलं आणि ओरडला, "ग्लव्हज अप!"

चौदा डावे हात वर गेले. एक उजवा.

मला तेव्हाच कळलं. कुणी काही बोलायच्या आधी, एका क्षणात. वाळूतले ते पंधरा दिवस आणि तिचा तो ठसा उमटलेला गाल माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि मला लाज वाटली का? वाटली. पण माझ्यात लाज फार वेळ लाज म्हणून टिकत नाही, लगेच तिचा राग होतो. शेजारच्या खुर्चीतली एक बाई हसली. ती कशाला हसली देव जाणे, मी ते हसणं माझ्या नावावर लावून घेतलं.

अरुणकुमार जुईलीसमोर बसला. "लेफ्टी?" तिने मान हलवली, नाही. "पापा क्रिकेट खेलते हैं?" तिने मान हलवली, हो. तो खदखदून हसला आणि कुंपणाकडे बघून मोठ्याने म्हणाला, "सब क्रिकेटवाले बाप यही करते हैं! मैंने भी अपने बेटे को यही दिलाया था!" चार-सहा जण हसले. त्याने आपल्या पिशवीतून एक जुना, मऊ पडलेला ग्लव्ह काढला आणि तिच्या डाव्या हातात चढवला. एक चेंडू तिच्याकडे लोटला. जुईलीने तो झेलला, उजव्या हातात घेतला आणि फेकला. सरळ, छातीच्या उंचीवर, वीस पावलांवर उभ्या असलेल्या असमाच्या हातात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुईली वळली. तिचा चेहरा असा फुलला होता की तसा मी फक्त ती वर्षाची असताना पाहिला होता. "बाबा!" ती ओरडली, "इट्स ईझी!"

बाप म्हणून मी तिथे टाळ्या वाजवायला हव्या होत्या. एवढंच काम होतं माझं.

बॅटिंगची पहिली टर्न जुईलीची होती; तिने ग्लव्ह काढून हेल्मेट चढवलं आणि बॅट घेतली. अरुणकुमार कुंपणाच्या फाटकाशी आला आणि माझा ग्लव्ह माझ्यासमोर धरला. "भाईसाब, टेन्शन मत लो. दुकान में वापस कर दो, बदल के देंगे." म्हणजे मी त्या दुकानात जायचं. त्या मनगट पिळलेल्या पोरासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, तू बरोबर होतास.

मी त्याच्या नाकावर बुक्की मारली. आतलं हाड आडवं झाल्याचं बोटांना कळलं. तो खुर्च्यांवर पडला, खुर्च्या त्याच्याखाली मिटल्या आणि रक्त त्याच्या हनुवटीवरून पांढऱ्या टीशर्टवर सांडलं. मी दुसरी मारली, कानशिलावर. तो कुशीवर वळला तेव्हा बरगडीत लाथ घातली. शिट्टी त्याच्या तोंडाशी अडकली होती आणि तो श्वास सोडेल तशी अर्धवट वाजत होती. पोरं किंचाळत होती. कुणीतरी मागून माझी कॉलर धरली, मी कोपर मागे मारलं, ते कुणाच्या तरी दातांना लागलं. मी पुन्हा पाय मागे घेतला.

आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर असा फटका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

मी वाकलो. दुसरा फटका दंडावर बसला. जुईली होती. दोन्ही हातांनी बॅट धरून, पाय रोवून, ओठ दातांत दाबून. हेल्मेटच्या जाळीतून तिचे डोळे दिसत होते. "स्टॉप इट!" ती ओरडली आणि तिसऱ्यांदा हाणलं. मी एका गुडघ्यावर खाली आलो. आता माझं तोंड तिच्या तोंडासमोर होतं.

सगळे थांबले. माझा हात वर गेला होता. कशासाठी, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. फटका अडवायला असेल. बॅट हिसकावून घ्यायला असेल.

जुईलीने तो हात पाहिला. तिने बॅट खाली टाकली आणि स्वतःच हेल्मेट काढलं. डावा खांदा पुढे केला, हनुवटी छातीत खुपसली, डोळे घट्ट मिटले. क्षितिजा अशी उभी राहते. मी घरात आवाज चढवला की ती ओट्याशी अगदी अशीच उभी राहते. मी कधी शिकवलं नव्हतं पोरीला हे. तिने घरातच पाहून पाहून पाठ केलं होतं.

माझा हात तसाच वर राहिला. ते तिला फार लांबलं असावं. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "बाबा, लवकर मार ना. माझी टर्न जाईल."

तिने हे रडत नाही, चिडून नाही, तर घाईत सांगितलं. शाळेची बस येईल, बुटाची नाडी बांध, असं सांगते तसं. मला आजवर लोकांनी मारलं आहे, पोलिसांनी मारलं आहे, वडिलांनी पट्ट्याने मारलं आहे. असं कुणी मारलेलं नाही. बोट लावलं नाही, बोट लावलं नाही म्हणून मी साऱ्या कुवेतला सांगत फिरत होतो, आणि माझी पोरगी मार खायला तयार होऊनच मोठी होत होती.

"नाही मारणार," मी म्हणालो. तिने डोळे उघडले नाहीत. तिचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं मी काही केलेलंही नव्हतं.

क्षितिजा अरुणकुमारपाशी बसली होती. तिने त्याला पुढे वाकवून नाक चिमटीत धरलं होतं आणि त्याच्या बरगड्या चाचपत होती. तिने मान वर करून जुईलीला हाक मारली, "ये बाळा, माझ्याजवळ ये." जुईलीने आवाज ओळखला, डोळे उघडले आणि माझ्यापासून लांबून वळसा घालून आईकडे गेली.

दोन बाप पोलिसांना बोलवायचं म्हणत होते. बाकीचे आपापल्या पोरांना घेऊन मागे सरकत होते. परक्या मुलखात पोलीस म्हटलं की साक्षीदारालाही स्वतःचा कागद आठवतो. अरुणकुमारने रक्ताने भरलेला हात वर केला. "बच्चों के सामने नहीं," तो नाकातून बोलला. "मॅच होने दो. बाद में देखेंगे." नंतर काही होणार नव्हतं. त्या दुकानातल्या पोरासारखाच तोही पडलो म्हणून सांगेल. क्षितिजा आजच जुईलीला घेऊन निघेल. म्हणजे मी मारायचं, आणि मैदान, मैत्रीण, शाळा सोडून जायचं त्या पोरीने. आजवर असंच चालत आलं होतं. मार माझा, आणि भरपाई दुसऱ्यांची.

मी लंगडत क्षितिजापाशी गेलो, पण चार हात दूर थांबलो. घराची आणि गाडीची किल्ली जमिनीवर ठेवली. "तुम्ही नका जाऊ," मी म्हणालो. "तुझी नोकरी आहे, तुझा स्वतःचा व्हिसा आहे. तिला खेळू दे."

"आणि तू?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"मी बघतो."

"तू नेहमी बघूनच घेतोस," ती म्हणाली. बरोबरच होतं.

मी फाटकाबाहेर आलो आणि फुटपाथवर बसलो. गुडघा टम्म सुजला होता. फुटक्या काचेचा मोबाइल काढून मी एकशे बारा नंबर लावला. आधी अरबी, मग इंग्रजी बोलणारी एक बाई लाइनवर आली. मी मैदानाचा पत्ता सांगितला, एका माणसाला बेदम मारलंय म्हणून सांगितलं, अॅम्ब्युलन्स पाठवा म्हटलं.

"मारणारा पळून गेला का?" तिने विचारलं.

"नाही. इथेच आहे."

"त्याच्याजवळ हत्यार आहे?"

"नाही."

"त्याच्यापासून अजून कुणाला धोका आहे?"

जाळीतून आत दिसत होतं. अरुणकुमार नाकात कापूस घालून खुर्चीवर बसला होता. नवी दांडी रोवून कुणीतरी तिच्यावर चेंडू ठेवला होता आणि जुईली तिच्या मागे उभी होती. पण ती चेंडूकडे पाहत नव्हती. ती फाटकाकडे पाहत होती, मी आत येतोय का ते.

"हो," मी म्हणालो. "माझ्या मुलीला आहे. लवकर या."